रणशिंगाच्या पत्त्याचे दोन पाठ

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम’ हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीने 2011 मध्ये बाजारात आणला. त्याच्या मूळ पेटीत ‘हॉर्न ऑफ गोंडोर’ नावाचा एक पत्ता आहे. किंमत 1. हे रणशिंग एखाद्या नायकाला जोडायचे असते. त्यानंतर कोणतेही पात्र पटावरून गेले, की त्या नायकाच्या खात्यात 1 रिसोर्स जमा करायचा, असे पत्त्यावर छापले आहे. पुढे कंपनीने शंकानिरसनाची पत्रिका काढली. तिच्या दुरुस्त्यांच्या भागात याच पत्त्याचा मजकूर वेगळा आहे. पात्र पटावरून ‘गेले’ एवढ्याने आता भागत नाही, ते ‘नष्ट झाले’ तरच रिसोर्स मिळतो. मजकूर का बदलला, याचे कारण तिथे दिलेले नाही.

एका क्रियापदाचा हा बदल. पण त्याचा माग काढत गेले की या खेळातल्या बऱ्याच वादांची मुळे सापडतात, आणि ज्याला सगळे सरसकट ‘संदिग्ध मजकूर’ म्हणतात त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, हेही दिसते. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते कागदांवरूनच दाखवता येते.

कागद चार प्रकारचे. पहिले अर्थातच छापील पत्ते. मूळ पेटीत 226 पत्ते होते, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे लहान पाकिटांतून आणि मोठ्या पेट्यांतून नवे येत राहिले. दुसरी, 2011 ची नियमपुस्तिका. तिसऱ्या, शंकानिरसन-पत्रिकेच्या एकामागून एक निघालेल्या आवृत्त्या. चौथी, खेळाडूंनी कंपनीला विचारलेल्या प्रश्नांना रचनाकारांनी दिलेली उत्तरे. यांतली बरीच केलेब ग्रेस यांची आहेत. खेळाचे मूळ रचनाकार नेट फ्रेंच, पुढे या खेळाची मोठी जबाबदारी ग्रेस यांच्याकडे आली. उत्तरे मोलाची आहेत, पण ती वापरताना जपावे लागते. उत्तर फिरत राहते आणि ज्या प्रश्नाला ते दिले होते तो प्रश्न मागे पडतो. एका पत्त्याबद्दल एका प्रसंगी दिलेले उत्तर मग दहा पत्त्यांना लावले जाते. अस्सल कागद कोणता आणि ऐकीव हकीकत कोणती हे आधी ठरवायचे, ही इतिहाससंशोधक राजवाड्यांनी घालून दिलेली शिस्त इथेही तशीच लागू पडते. म्हणून पुढच्या विवेचनात भार छापील पत्त्यांवर आणि पत्रिकेवर आहे. सुट्या उत्तरांवर मी काहीच उभे केलेले नाही.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. सगळे खेळाडू एकमेकांचे भिडू असतात. एका मूळ पेटीत एक किंवा दोघे खेळू शकत, दोन पेट्या असल्या तर चौघांपर्यंत. समोर कोणी माणूस नसतो, संकटांची पिसलेली गड्डी असते. प्रत्येक खेळाडू जास्तीत जास्त तीन नायक घेऊन बसतो. प्रत्येक नायकाला दर फेरीत 1 रिसोर्स मिळतो आणि त्यातून हातातल्या पत्त्यांची किंमत चुकवायची. प्रत्येकाच्या नावावर धोक्याचा एक आकडा चालू असतो. त्याची सुरुवात नायकांच्या आकड्यांच्या बेरजेने होते, दर फेरीला तो वाढतो, आणि 50 झाला की तो खेळाडू बाद. एका फेरीचे सात टप्पे असतात. पत्ता वापरला की तो आडवा करायचा, फेरीअखेर सरळ करायचा. आणखी एक नियम लक्षात ठेवायला हवा. पत्त्यावरचा मजकूर आणि नियमपुस्तिका यांत विरोध आला तर पत्ता खरा. पुस्तिकेत याला सुवर्णनियम म्हटले आहे. व्याकरण शिकलेल्याला हा उत्सर्ग आणि अपवाद यांचा ओळखीचा संबंध वाटेल.

पत्त्याचे वाक्य नियमावर मात करणार असेल तर त्या वाक्यावर केवढा भार येतो, हे या जातीच्या खेळांना पहिल्यापासून माहीत होते. रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ 1993 मध्ये आला. त्याच्या चाचणीच्या काळातला एक किस्सा गारफिल्ड यांनीच सांगितला आहे. ‘टाइम वॉक’ या पत्त्याचा पहिला मजकूर असा होता की इंग्रजीत त्याचे दोन अर्थ निघत: प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी जाते, किंवा पुढच्या पाळीला प्रतिस्पर्धी हरतो. एका खेळाडूने दुसरा अर्थ घेतला आणि आपल्याकडे हमखास जिंकून देणारा पत्ता आहे असे समजून तो बसला. छापताना मजकूर बदलला. पण तो खेळ दोघांमधला होता. अर्थ ओढूनताणून लावला तर समोरचा हरकत घेणारच, कारण त्याचे नुकसान होते. सहकारी खेळात हरकत घेणारा कोणी नसतो. संकटांची गड्डी स्वतःची बाजू मांडत नाही. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांचे हित एकाच अर्थात असते आणि अर्थ लावणारेही तेच असतात. कायद्यात ज्याला हितसंबंधी साक्षीदार म्हणतात, तसे सगळेच.

आता रणशिंगाकडे वळू. त्याचा प्रश्न समजायला याच पेटीतले आणखी दोन पत्ते हवेत.

पहिला गँडाल्फ. त्याची किंमत 5, म्हणजे मूळ पेटीतल्या हिशेबाने बरीच. त्याचे चारही आकडे 4 आहेत: इच्छाशक्ती, हल्ला, बचाव आणि जीव. फेरीच्या शेवटी तो टाकून द्यायचा असतो. पण तो पटावर ‘आल्यावर’ तीनपैकी एक गोष्ट निवडता येते: 3 पत्ते उचला, एका शत्रूला 4 इजा करा, किंवा आपला धोका 5 ने उतरवा. दुसरा पत्ता ‘स्नीक अटॅक’. किंमत 1. हातातला एक साथीदार, म्हणजे नायकाशिवायचे पात्र, पटावर ‘ठेवा’. टप्पा संपताना तो अजून पटावर असेल तर हातात परत घ्या.

दोन्ही एकत्र वापरले तर काय होते, हे नव्या खेळाडूलाही लगेच सुचते. 5 चा गँडाल्फ 1 मध्ये येतो, आल्यावरचा फायदा देतो, टप्पाभर लढतो किंवा मोहिमेवर जातो, आणि हातात परत जातो. फेरीअखेर त्याला टाकून देण्याची वेळ येतच नाही. हे चालते का? इथे खेळ तीन क्रियापदे वापरतो. पत्ता ‘खेळणे’ म्हणजे हातातून, किंमत देऊन. ‘पटावर ठेवणे’ म्हणजे दुसऱ्या एखाद्या परिणामामुळे, किंमत न देता. आणि ‘पटावर येणे’ यात दोन्ही आले. पत्रिकेनेही हाच भेद धरला आहे: पटावर ठेवलेला पत्ता हातातून खेळलेला धरायचा नाही.

हा भेद मागाहून सुचवलेला आहे की मूळ लेखकांच्या डोक्यात होता, असा प्रश्न इतिहास लिहिणाऱ्याने विचारायलाच हवा. त्याचे उत्तर पत्त्यांतच मिळते. 2012 मधल्या ‘द वॉचर इन द वॉटर’ या पाकिटात ‘लेगसी ऑफ ड्युरिन’ नावाचा पत्ता आहे. त्यावर, ठेंगू जमातीचे पात्र हातातून ‘खेळल्यावर’ 1 पत्ता उचला, असे स्पष्ट लिहिले आहे. नुसते ‘पटावर आल्यावर’ म्हणून काम भागले असते. लेखकाने मुद्दाम जास्त शब्द खर्च करून अर्थ आवळला आहे. ज्याला आवळायचे असते तो आवळू शकतो, हे एकदा दिसले की गँडाल्फवरचा सैल शब्दही सैलच हवा होता असे मानायला जागा राहते. गँडाल्फ आणि ‘स्नीक अटॅक’ यांची जोडी ही पळवाट नाही. दोन्ही पत्ते जे म्हणतात तेच ती आहे.

मग रणशिंग. गँडाल्फ हातात परत गेला म्हणजे तो पटावरून गेलाच. मूळ पाठाप्रमाणे रणशिंगवाल्या नायकाला 1 रिसोर्स मिळतो. ‘स्नीक अटॅक’ला 1 लागला होता. म्हणजे गँडाल्फची सगळी चक्कर जवळजवळ फुकट पडली. त्यात ‘जवळजवळ’ म्हणावे लागते, कारण रिसोर्स ज्याने दिला त्याच नायकाकडे परत येईल असे नाही. पण चार भिडू असलेल्या टेबलावर हिशेब अजून फुगतो. मूळ मजकुरात पात्र कोणाचे याची अट नाही. कोणाचाही साथीदार पडो, टाकून दिला जावो, हातात परत जावो, रणशिंगाच्या धन्याला प्रत्येक वेळी 1.

या पाठाविरुद्ध एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो गंभीरपणे तपासला पाहिजे. टोलकीनच्या 1954–55 च्या ग्रंथात गोंडोरचे रणशिंग हे बोरोमीरचे. तो ते आपल्या अखेरच्या लढाईत फुंकतो. त्या पत्त्यात मरणाचा भाव आहे. गँडाल्फ खेळाडूच्या हातात परत जातो तेव्हा कोणी मेलेले नसते. तेव्हा ‘पटावरून गेले’ याचा अर्थ पहिल्यापासून ‘मेले’ असाच होता, आणि पत्रिकेने फक्त तो उघड केला, असे हे म्हणणे.

मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण त्याच पेटीत आहे. ‘व्हॅलियंट सॅक्रिफाइस’ हा 1 किमतीचा पत्ता. नावातच वीरमरण आहे. त्यावर, साथीदार पटावरून गेल्यावर त्याचा धनी 2 पत्ते उचलतो, असे छापले आहे. इथेही क्रियापद ‘जाणे’ हेच. म्हणजे मरणाची छाया असलेल्या दोन पत्त्यांवर लेखकाने सैल शब्द वापरला. तोही अशा खेळात, जिथे नष्ट होणे आणि टाकून देणे या वेगळ्या घटना आहेत आणि त्यांना वेगळे शब्द आहेत: जीव संपला की पात्र नष्ट होते, फेरीअखेर गँडाल्फ मात्र टाकून दिला जातो. नेमका शब्द हाताशी असताना तो दोनदा टाळला गेला. मग नाव आणि चित्र यांवरून अर्थ काढणे म्हणजे अक्षरांपुढे चौकटीला मान देणे. दुरुस्तीने रणशिंगाचा अर्थ उघड केला नाही, तो बदलला. तो बदल शहाणपणाचा असेलही, नव्हे, आहेच. पण त्याला खुलासा म्हणता येणार नाही.

हा फरक पत्रिकेच्या रचनेतही आहे, हे फार कमी जण लक्षात घेतात. तिच्यात पत्त्यांच्या दुरुस्त्या वेगळ्या आहेत आणि नियमांचे खुलासे वेगळे. दुरुस्ती म्हणजे यापुढे असे वाचा. खुलासा म्हणजे हे पहिल्यापासून असेच होते. कंपनीने रणशिंगाला पहिल्या भागात घातले. कागदाची साक्ष इतकी सरळ आहे.

आता रणशिंगाशेजारी त्याच पेटीतले दोन पत्ते ठेवून पाहू. बेरावोर ही नायिका: तिला आडवी करा, एका खेळाडूला निवडा, तो 2 पत्ते उचलतो. मूळ पत्त्यावर बस एवढेच. तिला ‘अनएक्स्पेक्टेड करेज’ हा 2 किमतीचा पत्ता जोडला की तो आडवा करून तिला पुन्हा सरळ करता येते. असे दोन जोडले की एका फेरीत 6 पत्ते. दुसरा पत्ता ‘प्रोटेक्टर ऑफ लोरिएन’: हातातला एक पत्ता टाकून नायकाचा बचाव किंवा इच्छाशक्ती त्या टप्प्यापुरती 1 ने वाढवा. किती वेळा, हे मूळ पत्त्यावर नव्हते. हातात जितके पत्ते तितक्या वेळा. एक पत्ते पुरवतो, दुसरा पत्त्यांना बळ बनवतो. दोघांची सांगड घातली की फक्त इजेशी नव्हे, मोहिमेच्या मूळ कोड्याशीही झुंजण्याची गरजच उरत नाही. पत्रिकेने दोघांना लगाम घातला: बेरावोरला फेरीत एकदा, ‘प्रोटेक्टर’ला टप्प्यात तीनदा.

इथे कुठेच संदिग्धता नव्हती. वाक्य स्वच्छ होते आणि मर्यादा नव्हती. मर्यादा लिहायची राहिली की त्या वेळी नकोच होती, हे ठरवायला त्याच पेटीतली एओविन उपयोगी पडते. तिची शक्तीही हातातला पत्ता टाकून इच्छाशक्ती 1 ने वाढवण्याचीच आहे. तिच्या पत्त्यावर मात्र, प्रत्येक खेळाडूला दर फेरीत एकदाच, अशी मर्यादा एका अख्ख्या वाक्यात दिली आहे. म्हणजे पत्ते टाकून बळ विकत घेण्यात धोका आहे हे लेखकांना तेव्हाच ठाऊक होते. एकाच पेटीत, एकाच कल्पनेच्या दोन पत्त्यांपैकी एकाला कुंपण घातले आणि एकाला घातले नाही. इथे निसटलेपण हाच अधिक संभाव्य निष्कर्ष आहे.

त्यापुढे एक मोहक मांडणी सुचते: मूळ पेटीत हात कच्चा होता, मग लेखक मर्यादा घालायला शिकले. 2011 मध्येच आलेल्या ‘कॉन्फ्लिक्ट ॲट द कॅरॉक’ या पाकिटातल्या फ्रोडोवर टप्प्यात एकदाच अशी मर्यादा कंसात, आटोपशीर दिली आहे. एओविनच्या लांबलचक वाक्याच्या जागी इथे मोजके शब्द आहेत. शिकण्याचा पुरावाच जणू. पण त्याच मालिकेत, फ्रोडोच्या नंतर, ‘द डेड मार्शेस’ या पाकिटात बोरोमीर आला. आपला धोका 1 ने वाढवा आणि बोरोमीरला सरळ करा. पुन्हा मर्यादा नाही. धोक्याची किंमत हीच पुरेशी मर्यादा आहे असे लेखकांना वाटले असावे, आणि ते वाटणे अगदी समजण्यासारखे आहे. पण धोका उतरवणारे पत्ते वाढत गेले तशी ती किंमत स्वस्त झाली. पुढे पत्रिकेने बोरोमीरलाही टप्प्यात एकदाच अशी अट घातली. तोवर छापील पत्ता हातात घेऊन असंख्य डाव झाले होते. म्हणून शिकत गेल्याची सरळ रेषा इथे काढता येत नाही. प्रत्येक पत्ता आपापल्या काळच्या पत्त्यांच्या संगतीत लिहिला गेला, आणि संगत बदलली की त्याचे बळ बदलले. शब्द तेच राहिले.

खरी संदिग्धता पाहायची तर ‘अ टेस्ट ऑफ विल’ घ्यावा. 1 किमतीचा हा पत्ता संकटांच्या गड्डीतून नुकत्याच उघडलेल्या पत्त्याचे ‘उघडताच’ होणारे परिणाम रद्द करतो. प्रश्न असा की परिणाम म्हणजे कोणते? संकटाच्या पत्त्यावर ‘उघडताच’ या ठळक शब्दानंतरचे वाक्य असते, आणि त्याशिवाय काही सुटे शब्दही असतात. ‘सर्ज’ असेल तर आणखी एक संकट उघडायचे. ‘डूम्ड’ आणि आकडा असेल तर प्रत्येक खेळाडूचा धोका तितका वाढवायचा. हेही पत्ता उघडल्यामुळेच घडते. मग तेही रद्द झाले, असे कोणी म्हटले तर तो माणूस लबाड नाही. वाक्य दोन्ही अर्थांना जागा देते, आणि भिडूंना हवा असलेला अर्थ हाच आहे.

पत्रिकेने खुलाशात हे नाकारले. रद्द होते ते ‘उघडताच’ या शीर्षकाखालचे. सुटे शब्द त्यात येत नाहीत, ते लागू होतातच. मात्र ‘उघडताच’च्या वाक्याच्या आतच या पत्त्याला ‘सर्ज’ मिळतो असे लिहिले असेल, तर वाक्याबरोबर तोही जातो. याला खरा खुलासा म्हणायचे, कारण तो पत्त्यांच्या रचनेतूनच निघतो. ठळक अक्षरातला शब्द हे नाव आहे. ते घडण्याच्या क्षणाचे वर्णन नाही. पडताळा हवा असेल तर मूळ पेटीतला ‘हमरहॉर्न्स’ हा शत्रू पाहा. तो खेळाडूला भिडल्यावर त्याच्या एका नायकाला 5 इजा होतात. हा भयंकर परिणाम ‘फोर्स्ड’ या दुसऱ्या ठळक शब्दाखाली आहे. त्यामुळे ‘अ टेस्ट ऑफ विल’ हातात असूनही तिथे काही चालत नाही, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. शीर्षक बघून वाचायचे हे तत्त्व तिथे सगळ्यांना मान्य असते. ‘सर्ज’च्या वेळीच ते विसरायला होते, कारण तिथे विसरणे सोयीचे असते.

हितसंबंधी वाचनाचा हा प्रश्न एखाद्या पत्त्याच्या दुरुस्तीने सुटणारा नाही, हे याच कंपनीच्या पुढच्या एका कागदात मान्य केलेले दिसते. 2016 मध्ये नेट फ्रेंच आणि एम. जे. न्यूमन यांचा ‘आर्कम हॉरर: द कार्ड गेम’ आला. तोही सहकारी, पण अद्भुताऐवजी भयकथेच्या अंगाने जाणारा. त्याच्या नियमसंदर्भात सुवर्णनियमाबरोबर आणखी एक नियम आहे, त्याला ‘ग्रिम रूल’ असे नाव दिले आहे. त्याचा आशय असा: नियमाबद्दल किंवा क्रमाबद्दल शंका आली आणि पुस्तिकेत उत्तर सापडले नाही, तर त्या क्षणी जिंकण्याच्या दृष्टीने खेळाडूंना जे सर्वात वाईट वाटेल त्या रीतीने निकाल लावा आणि खेळ पुढे चालू ठेवा.

मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. करारांच्या कायद्यात संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याची जुनी पद्धत आहे, कारण स्वच्छ लिहिणे त्याच्या हातात होते. इथे अर्थ वाचणाऱ्याच्या विरुद्ध लावला आहे, कारण टेबलावर हितसंबंध फक्त त्याचेच आहेत. गैरहजर पक्षाच्या बाजूने कोणीतरी उभे राहावे लागते. तो कोणी म्हणजे खुद्द खेळाडूच, असे या नियमाने ठरवले. आणि त्याने अर्थाचा दावाही केलेला नाही. हा अर्थ खरा आहे असे तो म्हणत नाही. सध्या असे धरा, डाव अडवू नका, एवढेच म्हणतो. अभ्यासकाला घाई नसते, खेळणाऱ्याला असते. दोघांना एकच पद्धत लावायचे कारण नाही. नियमपुस्तिका उघडी पडली आहे आणि तासभर डाव खोळंबला आहे, अशी अवस्था या खेळांत कोणालाही नवी नाही. तिच्यावरचा हा उतारा आहे.

त्याचा गैरवापर मात्र होतो. पुस्तिकेत उत्तर सापडले नाही तरच, ही त्यातली अट लोक गाळतात आणि प्रत्येक पत्त्याचा सर्वात कडू अर्थ घेतात. बेरावोरच्या मूळ पत्त्यावर हा नियम लावून तिला फेरीत एकदाच वापरणे चूक ठरले असते, कारण तिथे शंकाच नव्हती. स्वतःवर कठोर होणे म्हणजे अचूक वाचणे नव्हे. सैल वाचणारा आणि कडक वाचणारा, दोघेही वाक्य वाचण्याआधीच निकाल ठरवून बसलेले असतात.

2022 मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या मूळ पेटीची सुधारित आवृत्ती आली. आता एकाच पेटीत चौघे खेळू शकतात. नव्याने येणारा खेळाडू इथूनच सुरुवात करतो. त्याच्या हातात 2011 चे पत्ते बहुधा येणारच नाहीत, आणि जुन्या खेळाडूच्या टेबलावर मात्र त्याच नावाचा जुना पत्ता, त्यावरची दुरुस्ती आणि डोक्यातली सवय अशा तीन गोष्टी एकत्र असतात. जुने पाठ जपून ठेवले पाहिजेत ते यासाठी. दुरुस्ती कळायची तर आधी काय होते ते दिसावे लागते.

फ्रोडोचा उल्लेख वर आला. त्याच्या पत्त्यावरचे वाक्य या सगळ्यात मला सर्वात अवघड वाटते. त्याचा आशय असा: फ्रोडोला इजा झाल्यावर ती इजा रद्द करा, आणि त्याऐवजी त्याला जितकी इजा झाली असती तितका आपला धोका वाढवा. पूर्वार्धात इजा झालेली आहे. उत्तरार्धात ती झालेली नाही, झाली असती. एकाच वाक्यात दोन काळ, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

अक्षरशः वाचले तर पूर्वार्ध फ्रोडोचाच घात करतो. त्याचा जीव 2 आहे. 5 चा घाव आला, तो लागला, जीव संपला, आणि जीव संपताच पात्र नष्ट होते. मग रद्द करायला फ्रोडो आहे कुठे? म्हणजे जिथे ही शक्ती सर्वात जास्त हवी तिथेच ती निरुपयोगी ठरते, आणि ‘त्याऐवजी’ हा शब्द अधांतरी लटकतो. उत्तरार्ध प्रमाण मानला तर सगळे बसते: घाव ठरला आहे, अजून उतरलेला नाही, तो धोक्याकडे वळतो. मूळ पेटीतला ग्लोइन इथे मदतीला येतो. त्याच्या पत्त्यावर, इजा सोसल्यावर, नुकत्याच सोसलेल्या प्रत्येक इजेमागे 1 रिसोर्स, असे आहे. तिथे भूतकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पक्का आहे, कुठेही ‘असती’ नाही. जिवंत राहिलेल्या ग्लोइनलाच रिसोर्स मिळतो, आणि तेच योग्य आहे. फ्रोडोच्या वाक्यात लेखकाने ‘असती’ लिहिले ते ग्लोइनहून वेगळे काही सांगायचे होते म्हणूनच.

राहिला आकड्याचा प्रश्न. 5 चा घाव आणि 2 चा जीव, तर धोका 2 ने वाढवायचा की 5 ने? जेवढा जीव तेवढीच इजा, असे म्हणणारा भिडू भेटतोच. वाक्य मात्र घावाची मोजदाद करते, जिवाची नाही. इजा किती व्हायची होती, तर 5. 46 वर असलेला खेळाडू फ्रोडोला असा वाचवेल तर 51 वर जाऊन स्वतः बाद होईल. म्हणून फ्रोडोला बचावाशिवाय घाव झेलायला पुढे करण्याआधी धोक्याचा आकडा बघावा लागतो, आणि टप्प्यात हे एकदाच करता येते हे कंसातले शब्दही.